भाडेपट्ट्याची गाडी

वुनिउतो, २३ जानेवारी

चटई परत आली. बांधलेली सुतळीसुद्धा सोडलेली नाही. बसवाल्याने टपावरून माझ्या पायाशी टाकली आणि सगळ्या गावासमोर ओरडला, "बुबू, अगं आजी, सुवाहून आलंय! सामानाचं भाडं दिलेलं आहे!" भाडं दिलेलं आहे म्हणे. तू गेलीस त्या दिवसापासून बसून विणून तुला धाडलेली ती चटई, तुझ्या गाडीच्या मागच्या बाकड्यावर नीट बसावी म्हणून वितीने मापून घेतलेली. आपल्यात दिलेली चटई परत करत नाहीत. मयताला दिलेलीसुद्धा परत येत नाही. तू डॉक्टरकी शिकायला गेलीस की रीत विसरायला, तेवढं एकदा कळव.

झालं. आता विचारते. बरी आहेस ना, विलिमाइना? पोटभर जेवतेस ना? मी बरी आहे. गुडघा होता तिथेच आहे.

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले, अक्षर खेकड्यासारखं चालतं, पण पोचेल. आपल्या दवाखान्यातली नर्स अकोसिता औषधं आणायला सुवाला येते, तिच्या हाती देते. ती उघडून वाचणार नाही. वाचायची गरज नाही, तिला सगळ्यांचं सगळं आधीच ठाऊक असतं.

म्हातारीने नातीची गाडी लाटली, असं तू तिथे सांगत असशील. तेव्हा झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

नाताळाला तू गाडी घेऊन आलीस. पांढरी, बुटकी, जपानात एकदा म्हातारी होऊन इथे पुन्हा तरुण झालेली. शेवटच्या वर्षाला डोंगरातल्या दवाखान्यांत पाठवतात, बस दिवसातून एकदा, म्हणून गाडी लागते, हे तू सांगितलंस. विकत नाही, कंपनीकडून भाडेपट्ट्याने, हेही सांगितलंस. शिकणाऱ्या पोरीला बँक दारात उभी करत नाही, पण पुढे डॉक्टर होणार म्हणून कंपनी गाडी देते. सगळ्यांनी माना डोलावल्या. कळलं कोणालाच नव्हतं.

मग एपरामाने किल्ली मागितली. तुझा काका, पण पोटचा माझा, म्हणून त्याच्याविषयी मी बोलेन, तू नाही. "पोरी, पाद्रीबाबांना राकीराकीत सोडून येतो. एक तास." काकाला नाही म्हणायची सोय नाही. तू दिलीस. त्याचा तास गुरुवारी सुरू झाला आणि शनिवारी संपला. गाडी बा गावचं लग्न खाऊन आली, येताना मागे डुक्कर बसून आलं. शुक्रवारी सकाळी तुला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. अकोसिताच्या फोनवर निरोप आला: आणखी एकदा गैरहजर राहिलीस तर शेवटचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. तू पायरीवर बसलीस आणि रडली नाहीस. मी आतून पाहत होते. मला बरं वाटलं.

रविवारी चर्चहून आल्यावर सगळं घराणं जेवायला बसलेलं. दालोचे कंद उकडलेले, नारळाच्या दुधातली पालेभाजी, आणि तेच डुक्कर. जेवणं उरकली आणि मी सगळ्यांदेखत तुला म्हटलं, "विलिमाइना, ती गाडी मला दे." केरेकेरे ते केरेकेरे. नात्यातल्या माणसाने तोंड उघडून मागितलं की द्यायचं. तुझा चेहरा राखेसारखा झाला. पण किल्ली माझ्यासमोर ठेवलीस. घेणाऱ्याने वाजवायची तशी ओंजळ वाजवून मी ती घेतली. तू उठलीस आणि एकच्या बसने गेलीस. दार आपटलं नाहीस, कारण आपल्या घराला पडदा आहे.

का मागितली ते मी तुला संध्याकाळी सांगणार होते. संध्याकाळी तू नव्हतीस. आता तू विचार, मग सांगेन.

गाडी नीरफणसाच्या झाडाखाली उभी आहे. मला चालवता येत नाही. येऊन घेऊन जा. वर्ष बुडालं तर ते तुझ्या रागाने बुडेल.

तुझी बुबू,
ताराइविनी


वुनिउतो, ९ फेब्रुवारी

एक ओळ. "गाडी तूच ठेव, मला नको." एवढ्यासाठी पाकीट कशाला वाया घालवलंस? अकोसिताला सांगितलं असतंस तर तिने फुकट, वर चार शब्द घालून सांगितलं असतं.

तिने सांगितलंच. तू अंधारात उठून बाजारातून पहिली बस धरतेस. पुढे डोंगरात मिळेल त्या ट्रकवर चढतेस. परवा ट्रक चिखलात रुतला आणि तू कमरेपर्यंत लाल होऊन वॉर्डात पोचलीस, तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघून तुझ्या नावापुढे गैरहजेरीची अर्धी सही केली. आणखी एक अर्धी झाली की पुरी होते. मग वर्ष पुन्हा. तुझ्या आईच्या मागे आणि तुझा बाप परदेशी वाळवंटात बंदूक धरून उभा असताना तुला इथवर कोणी आणलं ते मी लिहीत नाही. तुला माहीत आहे.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, नाहीतर तू म्हातारी होशील आणि हा राग सांभाळत बसशील.

त्या शनिवारी रात्री मुळं कुटून केलेल्या यांगोनाच्या परातीभोवती पुरुष पीत बसले होते. एपरामा म्हणाला, "सोमवारी पोरीकडे गाडीच मागतो. कायमची. राकीराकीपर्यंत माणशी भाडं घेऊन फेऱ्या मारीन." गावप्रमुख इनोकेने विचारलं, "आणि पोरगी?" तो म्हणाला, "पोरगी शिकलेली आहे, बसने जाईल." हे मला इनोकेच्या बायकोने पहाटे विहिरीवर सांगितलं.

आता तूच हिशेब कर. काकाने मागितल्यावर दिली असतीस तर गाडी गेली. नाही म्हटलं असतंस तर तुझं नाव गेलं: काकाला नाही म्हणणारी. मग उद्या तुझ्या लग्नात चटया कोण आणणार आणि माझ्या मयताला तुझ्या शेजारी कोण बसणार? म्हणून मी एक दिवस आधी मागितली. एकदा मागून झालेली वस्तू दुसरा त्याच घरात पुन्हा मागत नाही. मी लाटली नाही. मी मध्ये बसले.

बसले ते खरोखरच बसले. एपरामा दुसऱ्याच दिवशी आला.

"आई, जरा उतर."

"का?"

"गाडी हवी होती."

"मी बसलेय."

"ते दिसतंय. कुठे निघालीस?"

"बसलेय म्हटलं. निघालेय म्हटलं नाही."

"अगं, बसायला घर नाही का तुला?"

"घराची खिडकी खाली-वर होत नाही."

वापरात असलेली वस्तू मागत नाहीत, हे त्याला मीच लहानपणी शिकवलं. तेव्हा रोज सकाळी मी दालो सोलायला गाडीत जाऊन बसते. पुढच्या सीटवर, कारण तिथे पाय लांब होतात. दुपारी पानं चिरते, विणकाम करते. चर्चची गाणारी मंडळी समोर तालीम करते तीही तिथूनच ऐकते, काच वर केली की बरी वाटतात. गावातल्या पोरी येताजाता विचारतात, "बुबू, सुवा आलं का?" मी म्हणते, "तुमच्या तोंडांमुळे रस्ता जाम झालाय." इनोकेने बॉनेट उघडून पाहिलं आणि बॅटरी मेली म्हणाला. मी म्हटलं, मेली तर मेली, तिचं मयत नको करू.

एपरामाने बोलणं टाकलंय. जेवायला येतो, जेवतो, ताट ठेवतो, जातो. चव चांगली असली की दोनदा घेतो. तेवढं बोलणं मला पुरतं.

शनिवारच्या बसने ये. नवी बॅटरी घेऊन ये. कोणी गाडी मागितलीच तर सांग, बुबूची आहे, बुबूला विचारा. विचारायला ते माझ्याकडे येतील, मग मी आहे. एवढं सोपं होतं. तू एकची बस पकडलीस.

बुबू


वुनिउतो, २६ फेब्रुवारी

माझ्यावर माणूस धाडलास. नातीने आजीवर कंपनीचा माणूस धाडायचा, हे मी तरी ऐकलं नव्हतं, आणि मी बरंच ऐकलेलं आहे. कंपनीला लिहून मोकळी झालीस, गाडी नको, गावात पडली आहे, घेऊन जा. जी वस्तू मला दिलीस तीच पुन्हा कंपनीला दिलीस. मासळी विकणारासुद्धा एक मासा दोन गिऱ्हाइकांना विकत नाही.

मंगळवारी आला. मी गाडीत बसून पानांच्या शिरा काढत होते. टोपी आणि काळा चष्मा त्याने गावाच्या वेशीवरच काढला होता. पाठीवरची पिशवी हातात घेतली होती. म्हणजे कोणी तरी नीट वाढवलेला. खिडकीपाशी येऊन गवतावर मांडी घातली, वर्तमानपत्रात बांधलेली यांगोनाची मुळं पुढे ठेवली आणि आपल्या बोलीत, राकीराकीच्या हेलात म्हणाला, "बुबू, मी गिरधारीचा शिवदत्त."

गिरधारी तुला आठवणार नाही. ओढ्यापलीकडे आपल्या कुळाच्या जमिनीवर त्याचा ऊस होता. तीस वर्षांचा पट्टा. तू रांगत होतीस तेव्हा संपला. हा शिवदत्त तेव्हा शाळेत जाताना आपल्या नारळांकडे बघत जायचा आणि मी त्याच्याकडे बघत असायची.

म्हणाला, "बुबू, गाडी न्यायला आलोय."

"गाडी माझी आहे."

"तुमची कशी?"

"विलिमाइनाने दिली. चारचौघांत."

"तिची नव्हतीच की."

"मग कोणाची?"

"कंपनीची."

"कंपनीचे आईबाप कोण? गाव कुठलं?"

तो हसला. बापासारखा, दात न दाखवता. मग म्हणाला, "बुबू, माझ्या बापाचं शेत कोणाचं होतं?"

"आमचं."

"आणि ऊस?"

"ऊस त्याचा. लावायचा, तोडायचा, विकायचा तो."

"एपरामादादाने येऊन म्हटलं असतं, गिरधारी, हे शेत मला दे, तर?"

"काय बोलतोस! पट्ट्यावरचं कोण मागतं? त्याचं तरी कुठे होतं द्यायला?"

मी बोलून गेले आणि मग माझं बोलणं माझ्या कानात शिरलं. हातातलं पान तसंच राहिलं.

विलिमाइना, तू नाताळात हेच सांगत होतीस. पण तू कंपनी, करार, कलम असं काय काय बोललीस. गिरधारीचं शेत म्हणाली असतीस तर गावातल्या कोंबड्यांनाही कळलं असतं. आपलं अख्खं गाव पट्ट्यावर जगलं. फक्त आपण नेहमी देणाऱ्या बाजूला. घेणाऱ्या बाजूने पट्टा कसा दिसतो ते आपल्यापैकी पहिल्यांदा तूच पाहिलंस.

मी त्याला लिंबाच्या पानांचा चहा आणि उकडलेला कसावा दिला. त्याने विचारलं, "आता काय आहे तिथे, ओढ्यापलीकडे?"

"रानपेरू. आणि इनोकेच्या शेळ्या."

"हं."

"पट्टा संपला, आम्ही परत घेतलं. कागदाप्रमाणे."

"कागदाप्रमाणे," तो म्हणाला.

त्याने उठून रुमालाने पुढची काच पुसायला घेतली. काचेवर नीरफणसाचा चीक पडलाय. "बाप काय करतो?" मी विचारलं. "सुवाला खोली आहे. तेलाच्या डब्यांत वांगी लावतो. शेजाऱ्यांना वाटतो."

मग मी त्याला सरळ म्हटलं, "शिवदत्त, पोरीचं वर्ष संपेपर्यंत ही गाडी मला दे." मागून टाकलं. हात पुढे करून.

त्याने माझे हात हळूच खाली केले. "मागू नका, बुबू. माझी नाही. मी देऊ शकत नाही."

मला राग यायला हवा होता. पण बरोबर उत्तर असंच असतं, आणि तुझं त्या रविवारी तसं नव्हतं, हे मला तिथे कळलं. तू म्हणायला हवं होतंस, बुबू, माझी नाही, देऊ शकत नाही. मी ऐकलं असतं का? नसतं. पण तू म्हणायला हवं होतंस.

तो जाताना एक कागद भरून गेला. म्हणाला, आत माणूस बसलेला असताना गाडी ओढून न्यायची नाही, असा कंपनीचा नियम आहे. "मी आलो तेव्हा तुम्ही बसला होतात ना?" मी म्हटलं, "मी केव्हा बसलेली नसते?" त्याने तसं लिहिलं. पुढच्या महिन्यात दहा तारखेला परत येणार आहे, तेव्हा न्यावीच लागेल. आणि हे तुझ्यासाठी नीट लिहिते: गाडी अशी परत गेली की तुझं नाव काळ्या यादीत लागतं, आणि मग शिकतेस तोवर दुसरी कुठलीच कंपनी तुला गाडी देणार नाही. तू आपलं पत्र मागे घेतलंस तर मात्र गाडी पहिल्यासारखी तुझी, म्हणजे तुझी नाही, तुझ्या हातात.

"तिने गाडी का सोडली?" जाता जाता त्याने विचारलं.

"रागाने."

"कोणावरच्या?"

"माझ्यावरच्या."

"मग गाडीचं काय चुकलं?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

बुबू


वुनिउतो, ११ मार्च

तुझं पत्र नाही. अकोसिता म्हणते तू पाकीट घेतेस आणि एप्रनच्या खिशात घालतेस, उघडतेस की नाही ते तिने पाहिलं नाही. तिने पाहिलं नाही असं पहिल्यांदाच झालं. मी उघडतेस असं धरून लिहिते. दुसरी अर्धी सही अजून लागलेली नाही, तेही तिच्याकडूनच कळलं. पण आता पुढचे दवाखाने आणखी आत आहेत, जिथे ट्रकसुद्धा रोज जात नाही.

काल दहा तारीख होती. शिवदत्त यायच्या आधीच एपरामाने सभागृहात सगळ्यांना जमवलं. कंपनी गाडी नेणार हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्याला वाटलं, त्याआधी गाडी गावाच्या नावावर मागून घेतली की कंपनी काय करणार? आणि मागायला त्याने काय आणावं? देवमाशाचा दात. तांबुआ. तुझ्या आजोबांचा, माझ्याच पेटीतला, वर माझ्याच उशीचा अभ्रा काढून त्यात गुंडाळलेला. तो हातात घेतला की पुढे नाही म्हणता येत नाही, हे तुला सांगायला नको.

बायका दाराशी बसतात, मीही दाराशी बसले. त्याने तो दात दोन्ही हातांवर धरला आणि भाषण केलं. चांगलं केलं. म्हणाला, गावात आजारी माणूस पडलं तर रस्त्यापर्यंत घोंगडीत घालून न्यावं लागतं. शाळेची पोरं पुरात अडकतात. गेल्या पावसात इनोकेच्या सुनेचं मूल चढावर झालं. गाडी असती तर. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला भीती वाटली. खोटं असतं तर मी हसून उडवलं असतं.

"म्हणून आई, आम्ही ही गाडी तुझ्याकडे मागतो," असं म्हणून त्याने दात माझ्यापुढे केला.

मी हात मांडीखालीच ठेवले. अख्खं सभागृह माझ्या हातांकडे बघत होतं.

मी म्हटलं, "एपरामा, गिरधारीचा ऊस उभा होता तेव्हा तू कधी त्याचं शेत मागितलंस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मागितलंस का?"

"पट्ट्यावरचं कोण मागतं, आई?"

"ही गाडीही पट्ट्यावरची आहे."

"जमीन वेगळी. जमीन जागची हलत नाही." तो लोकांकडे वळला. "हलतं ते नातलगांचं!"

पुरुषांनी माना डोलावल्या. वाक्य चांगलं होतं. बापावर गेलाय.

मी म्हटलं, "ऊस हलतो. ट्रकात चढून गिरणीपर्यंत जातो. गिरधारीकडून उसाचं एक कांडं तरी कधी मागून आणलंस?"

मागून इनोके म्हणाला, "मागून कशाला? आम्ही चोरून आणायचो." सगळे हसले. एपरामालाही हसू आलं, त्याने ते दाबलं.

"चोरून का आणायचात?"

इनोके चटईची कड उसवायला लागला.

"नातलगाचं असतं तर मागितलं असतंत. चोरलंत, म्हणजे त्याचं आहे आणि मागता येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. आता माझं ऐका. त्या रविवारी मी पोरीकडे गाडी मागितली. तिची नव्हती ती मागितली. तिने तिची नव्हती ती दिली. दोघींचंही चुकलं, तेव्हा हा दात मी घेत नाही. माझ्याकडे द्यायला गाडीच नाही. त्या चढावर गाडी हवी आहे हे खरं आहे. पण ती पोरीच्या शिक्षणातून खरवडून काढायची नाही."

तांबुआ घेतला नाही असं वुनिउतोत कोणी पाहिलेलं नव्हतं. एपरामाने कोपरं मांडीला टेकवली, दात जड असतो. शेवटी मीच म्हटलं, "ठेव खाली. आणि अभ्रा धुऊन परत दे."

एवढ्यात शिवदत्त आला, काखेत बॅटरी घेऊन. टोपी हातात. सभा बघून दाराबाहेरच बसला, माझ्याही मागे. मी वळले. गुडघा वाकत नव्हता, तरी वाकवला आणि त्याच्यापुढे, त्याच्यापेक्षा खाली बसले. किल्ली ठेवली, शेजारी यांगोनाची मुळं ठेवली, आणि चूक झालेल्या माणसाने म्हणायचं असतं ते म्हटलं. आपल्या कुळाच्या बाईने गिरधारीच्या मुलापुढे असं बसणं कोणाला बरं दिसलं नसेल. एक जण खोकला.

शिवदत्तच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्याने चुकवलं नाही. ओंजळ वाजवली, नीट, जितक्यांदा वाजवायची तितक्यांदा, आणि किल्ली उचलली.

म्हणाला, "कंपनीने गाडी परत घेतली. विलिमाइनाने पत्र मागे घेतलं तर पट्टा संपेपर्यंत तिच्या हातात राहील. तोवर ती कोणाला देऊ शकत नाही. आजीला नाही, काकाला नाही, पाद्रीबाबांना नाही. ज्याला मागायची असेल त्याने कंपनीकडे मागावी."

एपरामा म्हणाला, "कंपनीत कोणापुढे ओंजळ वाजवायची?"

"चार नंबरची खिडकी. सोमवार ते शुक्रवार."

आता मात्र सगळं सभागृह हसलं. एपरामाही. बाहेर आल्यावर त्याने शिवदत्तला बाजूला घेतलं. मागे बाकडी टाकून दहा माणसं बसतील अशी जुनी गाडी गावाला पट्ट्यावर मिळते का, विचारत होता. शिवदत्तने विचारलं, "पगार किती?" एपरामाने बराच विचार केला आणि म्हणाला, "दालो." शिवदत्तने तेही लिहून घेतलं. काय होतं बघू. इनोके म्हणतो, गावाच्या वर्गणीतून करू. इनोके पुष्कळ म्हणतो.

बॅटरी बसवायच्या आधी शिवदत्त ओढ्यापलीकडे जाऊन आला. एकटाच. येताना खिसे रानपेरूंनी फुगलेले होते. बापासाठी असतील. त्याने जमिनीचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. तो विषय तुझ्या गाडीपेक्षा जुना आहे आणि एका सभेत आटोपणारा नाही.

मग गाडी घेऊन गेला. माझ्या बुडाने सीटला खळगा पडलाय, त्याने कापडाने पुसून पाहिला, गेला नाही.

गाडी शुक्रवारी चार वाजेपर्यंत सुवात कंपनीच्या आवारात उभी राहील. त्यानंतर दुसऱ्या कोणाला जाईल आणि तुझं नाव लागेल. ती आता माझी नाही, म्हणून ती मी तुला देऊ शकत नाही, आणि तू ती माझ्यावर फेकू शकत नाहीस. माझ्यावरचा राग ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, त्याला पट्टा लागत नाही. पण तो मनात ठेव, रस्त्यावर उभा करू नकोस.

मला उत्तर लिहायचं नाही. लिहिलंस तर मी न वाचता चुलीत घालीन. उत्तर शिवदत्तला द्यायचं. अकोसिताकडून निरोप नाही, एपरामाची रदबदली नाही, वाळवंटातून तुझ्या बापाचा फोन नाही. तू स्वतः जायचंस, खिडकीपाशी उभं राहायचंस, आणि हो म्हणायचंस किंवा नाही म्हणायचंस. तूच.

ताराइविनी